सौ. कुलकर्णी, बँक

सुलभाताई अभ्यंकरांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, माहेरचं नाव काय ग तुझं, आणि माझं डोकं सणकलं. कोलकात्यात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. सामान अजून खोक्यांत होतं, गॅसची नोंदणी व्हायची होती, नवऱ्यानं दुसऱ्याच दिवसापासून ऑफिस गाठलं होतं, आणि निदान वाचायला चार पुस्तकं मिळतील म्हणून मी मराठी मंडळाच्या वाचनालयात गेले, तर टेबलापलीकडच्या ह्या सत्तरी ओलांडलेल्या बाईंना माझं माहेर हवं होतं. मी म्हटलं, माहेरचंही अश्विनी आणि सासरचंही अश्विनीच. लग्नात सासूबाईंनी नवऱ्याकडून ताटातल्या तांदळात दुसरं नाव लिहून घेतलं होतं, ते मी सगळ्यांदेखत तळहातानं पुसून टाकलं. त्यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग खणातून एक जाड वही काढली आणि तीत माझं नाव, माहेरचं आडनाव, गाव, सगळं नीट लिहून घेतलं. कशाला हवंय हे, असं मी विचारलं तर म्हणाल्या, असू दे, कधी लागलं तर.

सांगलीच्या एका कॉलेजात मी चौदा वर्षं ग्रंथपाल होते. सारंगची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, केंद्र सरकारची नोकरी. दर तीन वर्षांनी बदली. पहिल्या दोन बदल्यांना तो एकटा गेला, तिसऱ्या वेळी मी नोकरी सोडली. सोडली कसली, सोडावी लागली. तो राग मी कोलकात्याला बरोबर घेऊनच आले होते आणि कुणावर काढावा ते ठरत नव्हतं. सुलभाताई समोर आल्या, म्हणून पहिले सहा महिने त्यांच्यावर काढला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी माझ्यासारख्या पुष्कळ पाहिल्या होत्या.

त्या इथं आल्या १९७४ साली, लग्न होऊन. नवरा हावड्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात इंजिनियर. खाजगी नोकरी, त्यामुळे बदली नाही. मंडळातली बाकी बहुतेक माणसं मात्र बदलीची. रेल्वे, बँक, विमा, टपाल, सर्व्हे. यायची, तीन-चार वर्षं राहायची, जायची. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हावडा स्टेशनवर पोचवायला सुलभाताई जायच्या आणि गाडी सुटायच्या आधी खिडकीतून डबा द्यायच्या. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचं लोणचं. दोन दिवसांचा प्रवास असायचा तेव्हा. पन्नास वर्षांत किती डबे दिले असतील हो, असं मी एकदा विचारलं. त्यांनी मोजले नव्हते, पण एक द्यायचा राहिला तेवढा लक्षात होता. कुणाचा, ते तेव्हा त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

नवरा जाऊन चौदा वर्षं झाली. मुलगा बंगळुरूला, दर दिवाळीत चल म्हणतो. ह्या जात नाहीत. बालीगंजच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात, आणि गडियाहाटमागच्या गल्लीतलं आमचं तळमजल्यावरचं वाचनालय आठवड्यातून चार दिवस उघडतात. लोकांना वाटतं पुस्तकांच्या प्रेमापायी. मलाही तसंच वाटायचं.

मागच्या वर्षी न्यू टाउनच्या कंपन्यांत काम करणाऱ्या मंडळींनी दोन रविवार खर्चून मंडळाच्या कपाटातले जुने फोटो स्कॅन केले. सहाशे त्रेचाळीस निघाले. इथल्या दमट हवेनं कित्येक एकमेकांना चिकटले होते, ते बिचाऱ्यांनी जपून सोडवले. पुस्तकांची सूची आधीच ऑनलाइन होती. तीतच हे फोटो घालायचे, म्हणजे जगात कुठूनही कुणी नाव टाकलं की त्या माणसाचा फोटो समोर यावा, असं ठरलं. नोंदी करायचं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे सांगायला नकोच. मंडळाचे कार्यवाह श्यामकांत चौबळ सभेत म्हणाले की आपल्यात एक जाणकार व्यक्ती आहे, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. फुकटचं काम द्यायचं असलं की माणसं आधी टाळ्या वाजवतात.

पण खरं सांगते, मला बरं वाटलं. दोन वर्षांनी कुणीतरी मला माझं काम दिलं होतं.

फोटोंच्या पाठीवर त्या त्या वेळच्या कार्यवाहांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. पुरुषांची नावं आद्याक्षरांसकट. मुलं म्हणजे नुसतं 'बालगोपाळ'. आणि बायका अशा: सौ. पेठे, रेल्वे. सौ. नाफडे, विमा. सौ. कुलकर्णी, बँक. नवऱ्याचं आडनाव आणि नवऱ्याचं ऑफिस, संपली बाई. सूचीचा पहिला नियम असा की एका माणसाची एकच नोंद करायची आणि त्याचे सगळे फोटो तिला जोडायचे. मी तीन आठवडे खपून ते केलं. 'सौ. कुलकर्णी, बँक' ह्यांचे तर तब्बल अडतीस फोटो निघाले. १९७६ ते १९९०. हळदीकुंकू, गणपती, कोजागिरी, सहल, सगळीकडे बाई हजर. मला त्यांचं कौतुकच वाटलं. काय उत्साही बाई असेल, म्हटलं.

मोठ्या अभिमानानं मी ते अडतीस फोटो सुलभाताईंना पडद्यावर दाखवले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक फोटो सावकाश पाहिला. मग मागे टेकून बसल्या.

"अश्विनी," त्या म्हणाल्या, "ह्या बाईला तू तीन नवरे केलेस."

तीन वेगवेगळ्या बायका होत्या त्या. बँकेचे एकामागून एक तीन साहेब आले, तिघेही कुलकर्णी, आणि बँकेनं तिघांना बालीगंजमधला तोच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दिला. मंडळाला वर्गणीदारांच्या यादीत खाडाखोडसुद्धा करावी लागली नव्हती. एक सौ. कुलकर्णी गेली की दुसरी सौ. कुलकर्णी येऊन तिच्याच जागी बसायची, आणि चौदा वर्षं ती एकच बाई होती. आता मी नीट पाहिलं तर उंची वेगळी, रंग वेगळा, एकीला चष्मा. अडतीस फोटो मी हातांनी लावले होते आणि एकदाही चेहरा बघितला नव्हता. सुलभाताई रागावल्या होत्या. अडीच वर्षांत त्यांना रागावलेलं मी पहिल्यांदा पाहत होते, आणि एका साध्या चुकीला एवढा राग कशासाठी, ते मला कळत नव्हतं.

त्या दिवसापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या माझ्याशेजारी बसायला लागल्या. ती जाड वही घेऊन. तेव्हा मला कळलं ती वही काय आहे. पन्नास वर्षं मंडळात आलेल्या प्रत्येक बाईला त्यांनी माहेरचं नाव विचारलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. सौ. पेठे, रेल्वे म्हणजे नलिनी, माहेरची इंदू खांडेकर, मिरज. सौ. नाफडे, विमा म्हणजे शालिनी, माहेरची मनोरमा. भिंगातून चेहरा बघायच्या, वहीचं पान काढायच्या आणि सांगायच्या. सूचीत 'अन्य नाव' असा एक रकाना असतो, तो मी आयुष्यात इतका कधी भरला नव्हता.

श्यामकांतांना ते पसंत पडलं नाही. फोटोमागे लिहिलंय तेवढं घाला, घरच्यांना विचारल्याशिवाय हे माहेरचं काय घालताय, उद्या कुणी भांडायला आलं तर. माझा पारा चढला, पण मी काही बोलायच्या आत सुलभाताईंनी त्यांना त्यांच्या आईचं माहेरचं नाव विचारलं. श्यामकांतांचा जन्म इथलाच, मराठीपेक्षा बंगालीत भांडणं त्यांना सोपं जातं. ते मराठीतही थांबले आणि बंगालीतही. बहिणीला फोन लावला, तिलाही ठाऊक नव्हतं. सुलभाताईंनी पान उलटून वाचून दाखवलं. श्यामकांतांनी ते कागदावर लिहून मागितलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि पुन्हा हा विषय काढला नाही.

फोटो क्रमांक २१७ आला तो एका शुक्रवारी. १९८३ च्या संक्रांतीचं हळदीकुंकू. हॉलमध्ये सतरंजीवर दोन रांगांत बायका बसलेल्या, सगळ्या कॅमेऱ्याकडे बघतायत. एक सोडून. खालच्या रांगेतली डावीकडून चौथी बाई मान वळवून दाराकडे बघते आहे आणि हसू दाबते आहे. दारात तिळगुळाचं ताट घेऊन एक तरुण मुलगी उभी आहे, फोटोच्या कडेनं अर्धी कापली गेलेली. ती अर्धी मुलगी म्हणजे सुलभाताई. आणि हसू दाबणारी, मागच्या पेन्सिलीप्रमाणे, सौ. कुलकर्णी, बँक. तिघींतली दुसरी.

सुलभाताईंनी वही उघडली नाही. भिंगही खाली ठेवलं. मी चहा करून आणला, तो तसाच ठेवून त्यांनी मला सगळं सांगितलं.

तिचं नाव ऋता. ऋता गोरे, अकोल्याची. आईवडील लहानपणीच गेलेले, काकांनी वाढवली. लग्नात तिची प्रेमलता झाली. मग काकाही गेले, आणि ऋता म्हणून हाक मारणारं जगात कुणी उरलं नाही. १९८१ मध्ये ती इथं आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती, सुलभाताई एकोणतीसच्या. गुरुवारी दुपारी वाचनालयात महिलांची वेळ असायची. दोघी वाचनालयात जातो असं घरी सांगून निघायच्या, दहा मिनिटांत पुस्तक बदलायच्या आणि बसनं हुगळीवरचा बाबूघाट गाठायच्या. तीनची हावड्याची बोट. पलीकडे उतरायचं, कागदाच्या ठोंग्यातली झालमुडी, म्हणजे इथली भेळ, खायची, परतीच्या बोटीत बसायचं. बाकी काही नाही. तीन वर्षं दर गुरुवारी. पुस्तकं दोघींनी वाचलीच नाहीत म्हणे. मी मुद्दाम जुनं देवघेवीचं रजिस्टर काढून बघितलं. तीन वर्षं, दर गुरुवारी, एकाखाली एक दोघींच्या सह्या आहेत.

पहिल्याच बोटीत सुलभाताईंनी आपल्या सवयीनं माहेरचं नाव विचारलं होतं. तिनं सांगितलं, आणि जरा वेळानं विचारलं, तू मारशील का त्या नावानं हाक? तेव्हापासून ह्यांनी तिला दुसऱ्या नावानं बोलावलं नाही. मंडळात चारचौघांत मुळी बोलवायच्याच नाहीत. गुरुवारी मात्र तिच्या इमारतीखाली उभ्या राहून मोठ्यानं हाक मारायच्या, ऋता, तीनची बोट आहे. आसपास सगळे बंगाली, कुणाला काय पडलंय कुणाचं नाव काय. ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून डोकावायची, आलेच म्हणायची, साडी बदलते. की मग पंधरा-वीस मिनिटं पत्ता नाही. ह्या खाली उन्हात उभ्या. जिना उतरून आली की पहिलं वाक्य ठरलेलं, उशीर झाला का ग? आणि ह्यांचंही ठरलेलं, छे ग, मी पण आत्ताच आले. तीनची बोट त्यांना कितीदा मिळाली असेल देव जाणे.

१९८४ च्या मेमध्ये सुलभाताई दीड महिना साताऱ्याला गेल्या होत्या, बहिणीचं बाळंतपण होतं. परत आल्या त्या गुरुवारी नेहमीसारख्या खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि हाक मारली. गॅलरीत एक अनोळखी बाई आली. कोण हवंय, तिनं विचारलं. इथं ऋता नावाचं कुणी राहत नाही. आम्ही कुलकर्णी.

बदलीचा हुकूम आठ दिवसांत आला होता, गुवाहाटीला. द्यायचा राहिलेला डबा तो.

गुवाहाटीहून ऋताचं चार पानी पत्र आलं. सुलभाताईंनी पाच महिने उत्तर लिहिलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या हे कारण होतंच, पण खरं कारण त्यांनी मला सांगितलं. न भेटता गेली म्हणून त्यांना राग आला होता. तिच्या हातात काही नव्हतं हे कळत होतं, तरी आला होता. शेवटी लिहिलं ते पत्र परत आलं, पत्ता सोडून गेले असा शेरा घेऊन. बँकेनं त्यांना पुन्हा कुठंतरी हलवलं होतं. पुढे बँकेत चौकशी केली, ओळखीच्यांना विचारलं. गेल्या काही वर्षांत भाच्याला शेजारी बसवून फेसबुकवर प्रेमलता कुलकर्णी शोधून झाल्या. ढिगानं निघाल्या. त्यांत ही नव्हती.

"एक्केचाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मला अजून गुरुवारी दुपारी घरात बसवत नाही ग."

म्हणून वाचनालय गुरुवारी उघडं असतं, हे माझ्या तेव्हा डोक्यात शिरलं. ती कधी कोलकात्याला आलीच, तर तिला माहीत असलेला दुसरा पत्ता हाच होता. मला तिथंच रडू फुटलं. मी रडत नाही सहसा, चिडते.

मग आमचं भांडण झालं. मी नोंद करायला घेतली: कुलकर्णी, प्रेमलता, अन्य नाव ऋता गोरे. सुलभाताई म्हणाल्या, प्रेमलता नको, कुलकर्णी नको. नुसतं ऋता गोरे लिही. मी म्हटलं, अहो, असं कसं चालेल, ज्यांना ती माहीत आहे त्यांना कुलकर्णी म्हणूनच माहीत आहे, नवरा, मुलं, शेजारी, ते कुलकर्णीच शोधणार. ऋता गोरे कोण शोधणार आहे? सूची लोकांना सापडावं म्हणून करतात, लपवावं म्हणून नाही. चौदा वर्षांची नोकरी मी त्यांच्यासमोर पुरी आपटली.

"सगळ्या जगाला ती प्रेमलताच आहे," सुलभाताई म्हणाल्या. "जगाला ती सापडली काय आणि नाही काय. पण तिला एकटीला कधी वाटलं, बघावं तरी, आपलं नाव कुठं उरलंय का, तर ते कुठंतरी असू दे. दुसऱ्या कुठल्या नावाच्या आधाराशिवाय."

मी नियम मोडला. फोटो क्रमांक २१७: ऋता गोरे, अकोला. बसलेल्या, डावीकडून चौथ्या. आणि दारात उभ्या, उजव्या कडेला, सुलभा अभ्यंकर. माझ्या नोकरीत असली नोंद कुणी केली असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

पाडव्याला सूची सगळ्यांसाठी खुली झाली. फोटोखाली 'आपल्याला काही माहिती असल्यास कळवा' अशी सोय होती, आणि लोकांनी कळवलं. पुण्याहून एकानं लिहिलं की १९७९ च्या गणपतीत मोदक खाणारा बालगोपाळ तो आहे. कुणी आपली आई ओळखली, कुणी आपले दात. सुलभाताई रोज आल्या आल्या विचारायच्या, काही आलं का? मी सगळं वाचून दाखवायचे, त्या हसायच्या, आणि मग जरा थांबून, आणखी काही नाही ना, असं विचारायच्या. एप्रिल गेला, मे गेला. मग त्यांनी विचारायचं सोडलं. मला ते विचारण्यापेक्षा जड गेलं. जुलैत सारंगच्या बदलीचा हुकूम आला, सप्टेंबरमध्ये भोपाळ. ह्या बाईला असं टाकून जायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि सहा महिने जिच्यावर राग काढला तीच ही बाई.

निरोप आला तो एका बुधवारी. नाशिकहून, मंजुषा नावाच्या बाईंचा. मी वाचायला लागले आणि डोक्याला हात लावला, कारण पहिलीच ओळ तक्रारीची होती.

'आपल्या फोटो क्र. २१७ मध्ये चूक झाली आहे. डावीकडून चौथ्या म्हणून ज्यांचं नाव ऋता गोरे दिलं आहे त्या माझ्या आई, प्रेमलता कुलकर्णी. आमच्याकडे त्यांचा त्याच साडीतला फोटो आहे. कृपया दुरुस्ती करावी. माझी दुसरीही एक विनंती आहे. आईला दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. ती आम्हांला फारसं ओळखत नाही. पण रोज दुपारी ऋताला विचारते. ऋता कुठंय, ऋता गेली का बोटीवर, असं म्हणून दारापर्यंत जाते. बाबांची एक बदली कोलकात्याला होती एवढंच मला माहीत आहे, म्हणून ऋता आणि कोलकाता शोधता शोधता हा फोटो मिळाला. ऋता ही तिची तिथली मैत्रीण असावी. खरी ऋता ह्या फोटोत कोणती, आणि त्या हयात असतील तर त्यांच्याशी बोलता येईल का, हे कळवाल का? आई त्यांची फार वाट बघते.'

मी ते दोनदा वाचलं. मग वाचनालयाला कुलूप घातलं, रिक्षा केली आणि सुलभाताईंच्या घरी गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. त्यांना खुर्चीत बसवलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"तिला लिही," मग म्हणाल्या, "चूक नाही म्हणावं. ऋता तीच."

लिहिलं नाही, मी मंजुषाला फोन केला. सगळं सांगितलं. मग तिनं हळू विचारलं, म्हणजे आईचं नाव? बाबा आठ वर्षांपूर्वी गेले, आजोळ कधी नव्हतंच, रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळीकडे प्रेमलता. चाळीस वर्षांच्या मुलीनं ते नाव कधी ऐकलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही तिला सांगतोय की ऋता इथं नाही, ऋता येईल, असं म्हणून ती रडायला लागली. उद्या फोनवर दोघींना भेटवायचं आम्ही कसंबसं ठरवलं. वेळ मी सांगितली, अडीचनंतरची.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सुलभाताई अडीचलाच वाचनालयात आल्या. बाहेर जायची साडी, खांद्याला पर्स. मी टेबलावर पुस्तकांच्या आधारानं फोन उभा केला. पलीकडे आरामखुर्चीत एक बारीक केस कापलेली गोरी म्हातारी बाई बसली होती, गाऊनमध्ये, खिडकीकडे तोंड करून. मंजुषा तिला सांगत होती, आई, बघ कोण आहे, कोलकात्याहून, सुलभामावशी. बाई हलली नाही. मंजुषानं पुन्हा सांगितलं. बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, कुणा परक्याकडे बघावं तसं, आणि मान फिरवली. एक्केचाळीस वर्षं आणि हे असं, असं मनात आलं.

सुलभाताईंनी मंजुषाला गप्प राहायची खूण केली. मग खुर्चीतून उठल्या, उभ्या राहिल्या, आणि मान जरा वर करून, रस्त्यावरून हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाल्या,

"ऋता, तीनची बोट आहे."

ती बाई वळली. पडद्याकडे नाही, खाली कुठंतरी बघितलं तिनं.

"आलेच," ती म्हणाली. "साडी बदलते."

आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली. मंजुषा गडबडली, तिला धरून बसवायला लागली, आई, कुठं निघालीस, असं म्हणत. सुलभाताईंनी तिला सांगितलं, जाऊ दे तिला, नेसव साडी, मी थांबते.

पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. सुलभाताई पर्स मांडीवर घेऊन त्या खुर्चीसमोर बसून राहिल्या. बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला, कुणीतरी पुस्तक बदलायला आलं त्याला मी दारातूनच परत पाठवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी उगाच घड्याळाकडे बघत होते. त्या बघत नव्हत्या. वीस मिनिटांनी मंजुषा तिला हाताला धरून घेऊन आली. निळी साडी, पदर पिनेनं नीट लावलेला, कपाळावर बारीकशी टिकली. खुर्चीत बसून तिनं पदर सावरला आणि पहिल्यांदा सरळ पडद्याकडे पाहिलं.

"उशीर झाला का ग?"

"छे ग," सुलभाताई म्हणाल्या. "मी पण आत्ताच आले."